जनुकीय बदल केलेले नर डास आणि आपल्या गच्चीवरच्या टाक्या

कोथरूडकर:
रविवारी सोसायटीची टाकी धुवायला काढली, तेव्हा झाकणालगतच्या पाण्यात पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या अळ्या दिसल्या. अशा अळ्या ॲनाफिलीसच्या असतात, एवढे ठाऊक होते. शहरात हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस स्टिफेन्सी हाच डास पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती देशात आवरण्यासाठी मे २०२४ मध्ये जनुकीय बदल केलेले नर सोडण्यात आले, असे वाचले. तोच उपाय पुण्यात का होऊ नये?

जीवशास्त्र शिक्षिका:
नर चावत नाही, त्यामुळे सोडलेल्या डासांपासून माणसाला आजार होत नाही. या नरांचा रानटी माद्यांशी संयोग झाला, की त्या जनुकामुळे मादी संतती प्रौढ होण्याआधीच मरते. नर संतती जगते आणि तेच जनुक पुढे नेते. मात्र पिढीगणिक ते विरळ होत जाते, म्हणून नर पुन्हापुन्हा सोडावे लागतात. जिबूतीची निकड वेगळी आहे. तिथे हा डास २०१२ मध्ये प्रथम आढळला. त्या वर्षी हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, तर २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. तिथे तो उपरा आहे. आपल्याकडे तो मूळचाच.

हडपसरचा वाचक:
मला मुख्य अडचण दुसरीच वाटते. ही पद्धत एकाच जातीवर चालते. स्टिफेन्सी घटला, तरी डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस तसाच राहील, आणि पावसाळ्यात पुणेकरांची झोप उडवतो तो बहुतेक एडिसच. जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ मध्ये बदललेल्या डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या, त्याही एडिसच्याच होत्या. शिवाय दिल्लीतील डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प १९७५ मध्ये संशयाच्या वादळात बंद पडला. तेव्हा आधी लोकांना विश्वासात घ्यावे लागेल, प्रयोगशाळेचे काम कितीही चोख असले तरी.

कोथरूडकर:
उत्तरांबद्दल आभार. एकच जात, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. सध्या झाकणाची फट बुजवली आहे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी तारेने आवळून बांधली आहे. गप्पी मासे सोडावेत, असेही सुचवून पाहिले. पण ते विहिरीत आणि बांधकामाच्या हौदात शोभतात, पिण्याच्या पाण्यात नकोत, असे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बजावले.