मदत हवी आहे: पानगळीत टायरमधली हवा कमी करावी की टायरच बदलावा?

पानगळीत आडवाटांवर सायकल चालवण्यासारखं सुख नाही, पण वळणावरचा ओल्या पानांचा थर साबणासारखा निसरडा होतो. टायर २८ मिमी, ट्यूबवाले. सायकलसह एकूण वजन ८५ किलो. हवा पुढे ७५, मागे ८० पीएसआय. ती ६० आणि ६५ वर आणली तर पकड वाढेल, पण पानांखाली लपलेल्या खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होईल का? ३२ मिमी टायर बसतो, मात्र मडगार्डखाली जेमतेम ४ मिमी फट उरते आणि तिथे पानं अडकून चाक घासतं. वळणाआधीच वेग उतरवतो, वळताना ब्रेक लावत नाही. ब्रेकपॅडमधली रुतलेली खडीही काढतो, नाहीतर रिम खरवडते. नेमकं काय बदलू?