सागरगोट्याची पूड रोज घेतली तर चालते का? (आणि बी रुजत नाहीये)

पडवीतली
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

लेकीला (वय २२) पीसीओडी निघालाय, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलंय. परवा वन्सं आल्या त्या पुडीचं पाकीट घेऊनच, सागरगोट्याची आहे, रोज उपाशीपोटी अर्धा चमचा मिरपुडीबरोबर घ्यायची म्हणजे पाळी नियमित येते म्हणाल्या. यूट्यूबवर पण लताकरंज, कुबेराक्ष अशा नावांनी हेच सांगतायत. लेक घ्यायला तयार आहे पण माझाच जीव धजत नाही.

सागरगोटा मला परका नाही हो. रत्नागिरीकडे आमच्या आगराच्या कुंपणावर गजग्याची जाळीच होती, काटे आकड्यासारखे उलटे, परकर अडकला की पुढे ओढायचाच नाही, दोन पावलं मागे यायचं मग आपोआप सुटतो. शेंगांवरही काटेच काटे, आणि आत एक नाहीतर दोन बिया, राखाडी, गुळगुळीत, जवळून बघितलं तर अंगावर बारीक बारीक वलयं. ओट्यावर खेळून कंटाळलो की तीच बी फरशीवर घासून भावाच्या दंडाला चटका!

पण आजी बाळगुटीत सागरगोट्याचा गर सहाणेवर उगाळायची तेव्हा एकच वेढा द्यायची, दुसरा कधीच नाही, कडू जहर असतो म्हणायची. एका वेढ्यावरून एकदम रोज अर्धा चमचा हे मला पटत नाहीये. कुणी घेतलंय का?

आणि कुंडीत सहा बिया लावल्या होत्या, दोन महिने झाले, एकही वर आलेली नाही.

सहाण
मी बीएएमएस आहे. गर तापावर, पोटदुखीवर, जंतांवर वापरतात, मिऱ्याची जोड जुनीच आहे. पण उंदरांवरच्या प्रयोगांत यानं रक्तातली साखर उतरते असं दिसलंय आणि मेटफॉर्मिनचंही काम तेच, त्यामुळे दोन्ही एकत्र घ्यायचं तर डॉक्टरांना सांगूनच. प्रजननावरही परिणाम दिसलाय, म्हणून दिवस राहिलेल्या किंवा राहावेत अशी इच्छा असलेल्या बाईनं आपल्या मनानं अजिबात घेऊ नये. पूर्वी गर्भ टिकावा म्हणून गरोदर बाईच्या गळ्यात लाल रेशमात ओवलेले गजगे घालायचे, ते गळ्यातच बरे, पोटात नकोत.

आधी पाकिटावरचं नाव नीट वाचा. करंज म्हणजे रस्त्याकडेचा, तेलाच्या बियांचा मोठा वृक्ष, लताकरंज म्हणजे आपला सागरगोटा. लोक सर्रास गल्लत करतात.

आगरवाला
ताई, बी नुसती पेरून रुजत नाही, कवच दगडासारखं असतं. डोळ्याच्या (बी शेंगेला चिकटलेली असते त्या ठिपक्याच्या) विरुद्ध बाजूला कानशीनं घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा, मग पाण्यात ठेवा. फुगली तीच पेरायची, नाही फुगली तर परत थोडी घासा. आणि कुंडीत नका हो ठेवू, ती पसरणारी जाळी आहे.

हे कवच इतकं घट्ट की बी समुद्रात तरंगत पार स्कॉटलंडच्या बेटांपर्यंत जाते. तिथे ती झाडं नाहीत, त्यामुळे लाटांबरोबर आलेल्या बियांचं लोकांना फार अप्रूप. मार्टिन मार्टिन नावाच्या स्कॉटिश लेखकानं १७०३ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तिथले लोक पांढरी बी मुलांच्या गळ्यात बांधायचे आणि कुणी वाईट चिंतलं तर ती काळी पडते असं मानायचे. म्हणजे दृष्टीची भीती तिकडच्या आयांनाही आपल्यासारखीच.

पडवीतली
सहाण, तुमचं वाचल्या वाचल्या चष्मा लावून पाकीट बघितलं. "करंज बीज चूर्ण" लिहिलंय हो! लता कुठेच नाही. वन्संना लगेच फोन केला, त्याही घाबरल्या, त्यांनी स्वतः आठवडाभर घेतलंय, आज डॉक्टरकडे जातायत. पाकीट त्यांच्याबरोबरच देतेय दाखवायला.

आगरवाला दादा, तीन बिया घासून रात्री भिजत घातल्या, सकाळी एक दुप्पट झालीय. गावी जाईन तेव्हा कुंपणालाच लावते.