इंग्रजीच्या तासाला आदिवासींचं लिखाण: कोणतं आणि कशासाठी?

फोंड्याची टीचर:
इंग्रजीत पटवून देणारं लेखन शिकवायची वेळ आली की आपल्या गोव्यातल्या बऱ्याच वर्गांत एक भाषण हमखास निघतं. अमेरिकेतला आदिवासी प्रमुख सिएटल विचारतो, आभाळ विकत कसं घेणार? मुलांना ते आवडतं, भित्तिपत्रकांवर चढतं. पण तो मजकूर सिएटलचा नाही. तो १८५४ साली आपल्या भाषेत बोलला. हेन्री स्मिथ नावाच्या डॉक्टरने त्याचं इंग्रजी रूप छापलं ते थेट १८८७ साली. आणि भित्तिपत्रकावरचा मजकूर टेड पेरी या अमेरिकन पटकथाकाराने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चित्रपटासाठी लिहिलेला. आदिवासींचा आवाज म्हणून आपण दुसऱ्याचंच बोलणं गिरवून घेतो.

त्या जागी जयपालसिंग मुंडांचं १९ डिसेंबर १९४६चं घटना समितीतलं भाषण घ्यावं. मूळ इंग्रजीतच केलेलं, समितीच्या कामकाजाच्या नोंदीत छापलेलं. मुंडा आदिवासी नेते, आजच्या झारखंडातल्या छोटा नागपूरचे, १९२८च्या भारतीय ऑलिम्पिक हॉकी संघाचे कर्णधार. म्हणतात, मी जंगली, आदिवासी, नेहरूंनी मांडलेल्या ठरावातल्या कायद्याच्या खाचाखोचा मला कळाव्यात अशी अपेक्षा नाही. आणि त्याच भाषणात सभागृहाला सुनावतात की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका. आमचा इतिहास पिळवणुकीचा आणि जमिनीवरून हुसकावण्याचा, हे तोंडावर सांगतात. तरी नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतात. समितीत बायका कमी, हीही तक्रार करतात.

मुलांनी पेन्सिल घेऊन शोधावं: नमतं कुठे घेतलं, घाव कुठे घातला, ऐकणाऱ्याला नाही म्हणणं जड का जातं. मग परीक्षण लिहावं. ‘आदिवासी निसर्गाच्या जवळ असतात’ एवढंच उत्तर आलं तर मी मार्क देणार नाही.

डिचोलीची आई:
टीचर, हेतू चांगला आहे, पण माझ्या मुलीला बँकेचा अर्ज नीट लिहिता येत नाही. धडेच वेळेत संपत नाहीत, शेवटचे दोन नेहमी ट्यूशनवर सोडलेले. त्यात १९४६चं इंग्रजी! हे इतिहासाच्या तासाला घ्या. इंग्रजी आम्ही पोटापाण्यासाठी शिकवतो, हे मान्य करायला लाज कसली?

मडगावचा निवृत्त मास्तर:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. पटवून देणारं लेखन म्हणजे बाजू घेणं. एकाच बाकावर ज्याच्या घरचे ट्रक खाणीवर चालले तो मुलगा असतो, आणि ज्याची शेती खाणीच्या मातीने गेली तोही. शिक्षकाचा कल मुलांना पहिल्या आठवड्यात कळतो आणि मार्कांसाठी सगळे तेच लिहितात. चाळीस वह्या, एकच मत. याला लेखन म्हणायचं का?

फोंड्याची टीचर:
मास्तर, म्हणूनच आपल्याला न पटणारी बाजू लिहायला लावते. जंगलातली जमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा २००६चा. सत्तरी, सांगे, काणकोणात तो कसा राबवावा यावर दोन टोकांची मतं आहेत. ज्याचा काका वनखात्यात आहे त्याने जमीन कसणाऱ्याच्या बाजूने संपादकाला पत्र लिहायचं, आणि उलट. मार्क मांडणीला. आणि ताई, संपादकाला पत्र, भाषण, लेख हे लेखनाचे प्रकार मुलांना शिकवायचेच असतात. विषय पोकळ ठेवला की भाषाही पोकळ येते, हे वह्या तपासताना रोज दिसतं.

केपेंचा वाचक:
मी वेळीप या आदिवासी समाजातला. आमच्या इंग्रजीच्या वर्गात आदिवासींवर धडा आला की टीचर थांबायच्या, सगळी मान वळवून माझ्याकडे बघायची. मग प्रश्न: तुमच्याकडे कसा नाच करतात? मला त्या दिवशी फक्त व्याकरण हवं होतं. तेव्हा मुंडा शिकवा की आणखी कोणी, त्या समाजाच्या मुलाला उभं करून साक्ष घेऊ नका.

दुसरं, आमचं साहित्य मांडावर, म्हणजे गावात नाचगाण्याच्या ठरलेल्या जागेवर आहे. पौषातल्या रात्री बायका धालो गातात, समोरासमोर दोन ओळी, एकीने टाकलेली ओळ दुसरीने उचलायची. ते इंग्रजीत परीक्षणाला बसवलं की मार्कांपुरतं उरतं. ते नका आणू. आणायचंच तर हे आणा: गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली, आणि २०२२च्या गोवा विधानसभेतही आमच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. २५ मे २०११ला बाळ्ळी गावात आदिवासींच्या हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात आमच्या दोन पोरांचा जीव गेला. शेजारच्या तालुक्यातल्या मुलांना हे ठाऊक नसतं.

सत्तरीची कॉलेजवाली:
दादा, साक्ष घेण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण धालो इंग्रजीत नको हे मला पटत नाही. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाने आमच्या सत्तरीतलं म्हादई अभयारण्य व्याघ्र क्षेत्र म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, तो निवाडा इंग्रजीत. आमच्या वाड्यावर देवळाच्या सोप्यावर बैठक बसली, बाप्ये वर्तमानपत्रातली बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि मूळ कागद मला वाचून सांगायला लावला. मी वाचला, पण उत्तरादाखल निवेदन लिहायला बसले तेव्हा पहिल्याच वाक्याला अडले. शाळेत मला ‘माय फेवरिट सीझन’वर निबंध लिहायला शिकवलं होतं. वाड्याची बाजू इंग्रजीत कशी मांडायची ते कोणी शिकवलं नाही. आजीची ओवी त्या निवेदनात घालता आली असती तर मी घातली असती, कारण तिच्यात त्या डोंगराचं नाव आहे.

डिचोलीची आई:
निवेदनाचं पटलं. मग निवेदनच शिकवा ना, आधी ते!

केपेंचा वाचक:
बाय, ओवी तुझी आहे, तू घाल. टीचरने तुझ्याकडे गृहपाठ म्हणून मागू नये, एवढंच मी म्हणतो. मुंडांच्या भाषणाला माझी हरकत नाही. त्याच्या शेजारी बाळ्ळीच्या दिवसाची वर्तमानपत्रातली बातमी ठेवा आणि सगळ्या वर्गाला एकच प्रश्न द्या, आमच्या मुलांना वेगळा नको.