कांचन फुलला की तुम्हाला काय आठवतं?

जुनी_पुणेकर
लेक सेंट लुईसला असते. काल तिने तिथल्या मिझुरी बोटॅनिकल गार्डनमधल्या रेडबडचा व्हिडिओ पाठवला. झाडावर एक पान नाही, आणि गुलाबी फुलं थेट खोडातून फुटलेली! म्हटलं, अगं, हा आपल्या कांचनाचा चुलतभाऊ. (खरंच, दोन्ही एकाच उपकुळातले.) आणि चौथीतली एम्प्रेस गार्डनची सहल आठवली. कांचनाखालची फुलं फ्रॉकच्या ओच्यात भरली होती, बाईंनी सगळी परत ओतायला लावली. बसमध्ये घरापर्यंत रडले. तुमच्याही आठवणी लिहा.

बोन्साय
एम्प्रेस म्हणजे जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन. आई गुलाबांपाशी, बाबा कुंड्यांचे भाव विचारत, मी हरवलो. माईकवरून नाव पुकारलं, तेही चुकीचं.

कढीपत्ता
@बोन्साय मग घरी नेलं ते तुम्हालाच ना? 😂

सोनं_घ्या
कांचन म्हटलं की दसरा. आमच्या कोपऱ्यावर आपटा म्हणून सर्रास कांचनाच्या फांद्या विकतात. आपट्याचं पान लहान नि जाडसर, याचं चांगलं तळहाताएवढं. सासूबाई पान उलटंपालटं करून म्हणायच्या, "हे बेन्टेक्स आहे गं."

कढीपत्ता
बेन्टेक्स 🤣
कळ्यांची भाजी कुणी करतं का? उकडून, पिळून, भिजवलेली हरभराडाळ नि कांदा घालून. परवा सोसायटीतल्या झाडाच्या कळ्या काढत होते तर वरून काका, "काय, आज मंडई बंद आहे का?" बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

सावली७
बाबा आयसीयूत होते तेव्हा दवाखान्याच्या गेटशी कांचन होता. फेब्रुवारी संपत आलेला. आत एकालाच सोडायचे, म्हणून आई वर आणि मी डबा घेऊन झाडाखाली. डब्याच्या पिशवीत फुलं पडायची. शेवटच्या दिवशीची पिशवी अजून तशीच आहे, धुतली नाही.

सोनं_घ्या
सावली 🙏 नका धुऊ.

बोन्साय
आमच्या ऑफिसचा रस्ता सध्या गुलाबी झालाय. हाच का तो?

झाडपाला
पान आपट्यासारखं दुभंगलेलं असेल तर कांचन. फुलं कर्ण्यासारखी, झुबक्याने असतील तर टॅबेबुया, तो मूळचा तिकडचा, मध्य अमेरिकेकडचा.

बोन्साय
पानंच नाहीयेत हो झाडाला!

झाडपाला
मग खाली बघा. गेल्या वर्षीची असतील, झाडूवाल्या मावशींनी ठेवली असतील तर.

जुनी_पुणेकर
रविवारी एम्प्रेसला जाऊन येते. दशम्या, लसणाची चटणी नेणार. कुणी येतंय?

कढीपत्ता
चटणीत सुकं खोबरं की दाणे, त्यावर ठरवते.