मदत हवी आहे: पास्ता निम्मा कच्चा, निम्मा गिचका! उद्या वाढदिवस

रंकाळा_वेस: उद्या संध्याकाळी सातला वीस मुलं जेवायला आहेत. आज थोडा पास्ता करून बघितला तर निम्मा कच्चा, निम्मा गिचका. पाकिटावरचीच वेळ धरली होती. काय चुकतंय? लवकर सांगा, सामान आणायला निघायचंय.

राजारामपुरी७: आकार कुठला? सॉस कुठला? पाणी किती? एवढं तरी सांगा की.

रंकाळा_वेस: साधाच हो, नळीवाला. मुलांना आवडतो म्हणून त्यातच फुलपाखरूवाला टाकला. व्हाइट सॉस.

शिट्टी_एक: कुकरला लावा. बुडेल इतकं पाणी, एक शिट्टी, विषय संपला.

राजारामपुरी७: कुकरमध्ये ढवळता येत नाही, तळाचा चिकटतो आणि फेस शिट्टीत चढतो. रंकाळा_वेस, दोन आकार एकत्र शिजवले तिथंच घोळ झाला. पेने (नळीवाला) आणि फारफाले (फुलपाखरूवाला) यांच्या वेळा वेगळ्या. त्यात फारफालेला मधे चिमटा असतो, तिथं पदर दुमडून जाड होतो. तो शिजेपर्यंत कडा मऊ पडतात. उद्या फक्त पेने घ्या, बाहेरून रेघा असलेला, त्याला सॉस धरतो. पाकिटावर ड्युरम (कडक जातीच्या) गव्हाचा रवा लिहिलंय का बघा. मैद्याचा असेल तर जरा वेळ चुकली की लगदाच.

खर्डा_प्रेमी: व्हाइट सॉस कशाला? स्पॅगेटी घ्या, तेलात लसूण, हिरव्या मिरचीचा खर्डा, वरून शेंगदाण्याचं कूट. नाद खुळा!

राजारामपुरी७: पातळ तेलकट मसाल्याला स्पॅगेटी बरोबर आहे, पण मुलं सहा-सात वर्षांची असतील तर खर्डा खाणार कोण?

रंकाळा_वेस: सात वर्षांचीच आहेत. सकाळी उकडून ठेवला तर चालेल?

पोळपाट: चालेल. मुलामागे ६० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो धरा. एका पातेल्यात मावणार नाही, दोनदा करा. दर किलोला १० लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच घाला, पहिली दोन मिनिटं ढवळा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उतरवा. पाण्यात एक चमचा तेल घाला, चिकटत नाही. निथळून गार पाण्यानं धुवा, फ्रिजमध्ये ठेवा.

राजारामपुरी७: पाण्यात तेल घालून उपयोग नाही, ते वरच तरंगतं. चिकटणं थांबतं ते ढवळण्यानं. आणि धुवायचा कशाला? वरचा स्टार्च गेला की सॉस घसरतो.

पोळपाट: लगेच सॉसमध्ये जाणार असेल तर धुवू नये, मान्य. इथं दहा तास थांबायचंय. न धुता ठेवला तर आतल्या उष्णतेनं शिजत राहतो आणि गठ्ठा होतो. तेल हवं तर निथळल्यावर चोळा. पास्ता उकडलेलं दोन वाट्या पाणी मात्र राखून ठेवा, तेही फ्रिजमध्ये.

राजारामपुरी७: बरं, एवढ्यापुरतं धुवा. सॉसला दोन लिटर दूध, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम मैदा. मैदा लोण्यात मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका, मग गार दूध थोडं थोडं घालत फेटा. वाढायच्या आधी पास्ता गरम सॉसमध्ये दोन मिनिटं. घट्ट झाला तर ते राखलेलं पाणी.

शिट्टी_एक: पांढऱ्या रश्श्यात घालून कुणी बघितलंय का?

पोळपाट: तांदळासारखा बारीक ओर्झो घाला, पेने नको. आधी वेगळा शिजवा. रश्श्यात नारळाचं दूध असतं, पास्ता शिजेपर्यंत उकळत ठेवलंत तर फुटतं.

खर्डा_प्रेमी: ओर्झो कोल्हापुरात कुठं मिळतो?

रंकाळा_वेस: अहो, आधी माझं! फारफाले अर्धा किलो उरलाय, त्याचं काय करू?

राजारामपुरी७: सॅलड. उकडून धुवायचा, काकडी, मक्याचे दाणे, लिंबू. गार खाताना चिमट्याचा टणकपणा बोचत नाही.

शिट्टी_एक: कुकरला दोन शिट्ट्या दिल्या तर?