५ सीलं गळली, १९ चालू आहेत: वायबुलचं आयुष्य बेझ पद्धतीने कसं काढायचं?

मकरपुरा_पंपवाला

मंडळी, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटमध्ये कूलिंग वॉटरचे २४ पंप आहेत. सगळ्यांना एकाच मापाचं सिंगल मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टजवळून पाणी गळू न देणारा भाग). पाणी बोअरचं, जड. अवर मीटरवरून काढलेला हिशेब असा:

गळलेली ५ सीलं: २,९००, ४,१००, ५,२००, ६,३०० आणि ७,००० तासांना.
न गळलेली १९: पैकी ११ आज ८,००० तासांवर, ८ (नंतर बसवलेल्या पंपांची) ४,५०० तासांवर.

दिवाळीच्या शटडाउनपर्यंत अजून साधारण ४,००० तास चालवायचं आहे. तोवर स्टोअरमध्ये किती सीलं हवीत, हा प्रश्न. गळलेल्यांची सरासरी ५,१०० तास येते आणि अकाउंट्सवाले म्हणतात तोच आकडा धरा. आयुष्याला वायबुल वितरण धरून एक्सेलच्या सॉल्व्हरने मॅक्सिमम लाइकलिहूड (डेटाला सर्वांत जुळणारे पॅरामीटर) काढलं तर बीटा (वयाबरोबर बिघाड किती वाढतो ते) २.६ आणि ईटा (आयुष्याचं माप, तासांत) १२,१०० आलं. पाच बिघाडांवर दोन पॅरामीटर म्हणजे जरा हवेतलंच वाटतं. बेझ पद्धत इथे बसेल असं वाचलंय, पण प्रायर (डेटा पाहण्याआधीचा अंदाज) आणायचा कुठून? सीलच्या कॅटलॉगात २५,००० तास लिहिलंय, तेच धरू का?

लॉगस्केल

आधी ती ५,१०० ची सरासरी फाडून टाका. ८,००० तास चालून अजून कोरडी असलेली अकरा सीलं त्या सरासरीत कुठेच नाहीत. जी लवकर मेली तेवढ्यांचीच वयं मोजली तर उत्तर कमीच येणार.

किती कमी, ते बीटा २ धरून पाहा. तास हजारांत घ्या, म्हणजे आकडे आटोक्यात राहतात. गळलेल्या पाचांच्या तासांच्या वर्गांची बेरीज १४०.९५. न गळलेल्यांची ११ × ६४ = ७०४, अधिक ८ × २०.२५ = १६२. एकूण १,००६.९५. ईटा म्हणजे (एकूण ÷ बिघाड) याचं वर्गमूळ: १,००६.९५ ÷ ५ = २०१.४, मूळ १४.१९, म्हणजे १४,१९० तास. चालू सीलं टाकून दिली तर १४०.९५ ÷ ५ चं मूळ ५.३१. पावणेतीन पटींचा फरक. चालू सील लाइकलिहूडमध्ये घनतेने येत नाही, "इतके तास तरी टिकलं" या संभाव्यतेने येतं. राइट-सेन्सर्ड म्हणतात ते हेच.

आता बीटाचं. तुमचं २.६ चुकीचं नाही, फक्त ढिलं आहे. पाच बिघाडांवर ९५ टक्के पट्टा ढोबळमानाने १.२ ते ५.६ येतो. म्हणजे यदृच्छ बिघाडाच्या जवळपासपासून ते ठरलेल्या वयाला धडाधड झिजण्यापर्यंत काहीही. प्रायर खरा उपयोगी पडतो तो इथे. घासून झिजणाऱ्या फेससाठी (सीलच्या एकमेकांवर घासणाऱ्या दोन चकत्या) बीटा १ पेक्षा मोठा असावा आणि ४ च्या वर क्वचित जावा, एवढं यंत्रशास्त्रच सांगतं. ते आकड्यात असं मांडा: बीटाला लॉगनॉर्मल, मध्यक २, लॉगमधलं प्रमाण विचलन ०.३. याचा ९० टक्के पट्टा १.२ ते ३.३ येतो.

२५,००० मात्र प्रायर म्हणून घेऊ नका. तीन वर्षं किंवा २५,००० तास ही एपीआय ६८२ या पंप-सीलच्या मानकातली अपेक्षा आहे, ठरलेल्या परिस्थितीत चालणाऱ्या सीलसाठी. जड पाण्यात फेसवर क्षार बसतात आणि तुमचं सील त्या मानकाचं आहे की नाही हेही कॅटलॉगच्या एका ओळीवरून कळत नाही. डिझाइनचं लक्ष्य आणि शेडमधलं आयुष्य एक नव्हे.

दांडियाबाजार_सांख्यिकी

वरचं सगळं बरोबर, पण ईटावर प्रायर लावू नका. का, ते याच डेटात दिसतं. बीटा ठरवून टाकला तर:

बीटा १.५: ईटा १८,०९०, २० टक्के गळण्याचा वेळ ६,६६०
बीटा २: ईटा १४,१९०, तोच वेळ ६,७००
बीटा ३: ईटा ११,२९०, तोच वेळ ६,८५०

ईटा म्हणजे ६३.२ टक्के गळण्याचा वेळ. तुमच्या २४ पैकी पाच गळली, म्हणजे २१ टक्के. ६३ टक्क्यांपर्यंत डेटा पोचलेलाच नाही, तिथे नुसतं लांबवलेलं शेपूट आहे. म्हणून बीटा हलला की ईटा उलट्या बाजूला धावतो. २० टक्क्यांचा वेळ मात्र जागचा हलत नाही, कारण डेटाला तोच माहीत आहे. या वेळेला टी-२० म्हणा (क्रिकेटशी संबंध नाही) आणि मॉडेल बीटा व टी-२० यांवर लिहा. ईटा = टी-२० ÷ (०.२२३१ चा १/बीटा घात). हा ०.२२३१ म्हणजे वजा लॉग ०.८.

टी-२० ला लॉगनॉर्मल, मध्यक ६, विचलन ०.५ द्या. ९० टक्के पट्टा २,६०० ते १३,७०० तास, म्हणजे पुरेसा ढिला. फोरमनला "ईटा किती" विचारलं तर तो तोंडाकडे बघत राहील. "पाचातलं एक सील साधारण किती तासांत गळतं" याचं उत्तर तो लगेच देईल. बीटा-ईटावर थेट चालवलं की पोस्टिरिअर (डेटा पाहिल्यानंतरचं वितरण) केळ्याच्या आकाराचा होतो आणि स्टॅन (बेझ मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) डायव्हर्जन्सच्या, म्हणजे हिशेब भरकटल्याच्या, सूचना देत बसतो. या बदलाने त्या बहुतेक जातात.

सॉफ्टवेअरमधले खड्डे, एका दमात. आर या सांख्यिकी भाषेतल्या सर्व्हरेग फंक्शनचा "स्केल" म्हणजे १/बीटा, ईटा मिळवायचा तर इंटरसेप्टचा एक्स्पोनेन्शियल घ्यावा लागतो. सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये १ म्हणजे बिघाड झाला, पण स्टॅन वापरणाऱ्या बीआरएमएस पॅकेजच्या सेन्स कॉलममध्ये १ म्हणजे राइट-सेन्सर्ड. नेमकं उलट. कॉलम तसाच उचलला तर मॉडेल तक्रार न करता चालतं आणि १९ बिघाडांचं उत्तर देतं. शिवाय बीआरएमएसचं वायबुल सरासरीवर लिहिलेलं आहे, ईटावर नाही. जॅग्समध्ये (स्टॅनसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) दुसरा पॅरामीटर लॅम्डा असतो, ईटाचा वजा-बीटा घात. ईटा समजून प्रायर दिला की संपलंच. जॅग्समध्येच सेन्सर्ड नोडला सुरुवातीची किंमत सेन्सर वेळेच्या वर द्यायची राहिली, तर पहिल्याच पावलावर "पेरेंट्सशी विसंगत" म्हणून अडतं.

मकरपुरा_पंपवाला

लॉगस्केल साहेब, दांडियाबाजार, दोघांचे आभार. टी-२० ची कल्पना लगेच पटली. पण स्टॅन बसवायला आयटीवाले आठवडा लावतील. तोपर्यंत हाताने काही निघेल का? स्टोअरचा इंडेंट सोमवारी जायचा आहे.

लॉगस्केल

निघेल, बीटा २ वर पक्का धरायची तयारी असेल तर. बीटा ठरला की लॅम्डाला गॅमा प्रायर कॉन्ज्युगेट असतो (पोस्टिरिअरही गॅमाच येतो) आणि सगळं बेरजेवर येतं. (दोन्ही पॅरामीटर अज्ञात असले की अशी सोपी जोडी मिळत नाही, म्हणून तर स्टॅन.)

त्याआधी एक दुरुस्ती. गळलेल्या पाच पंपांत नवी सीलं बसवली ना? ते पंपही आज ८,००० वर असतील तर नव्या सीलांचे ५,१००, ३,९००, २,८००, १,७०० आणि १,००० तास हाही सेन्सर्ड डेटा आहे. तो गाळायचा नाही. वर्गांची बेरीज ५२.९५, म्हणजे एकूण १,०५९.९.

प्रायर: दोन बिघाडांइतकं वजन, ईटा १२ च्या आसपास. गॅमा(२, २ × १४४ = २८८). पोस्टिरिअर: गॅमा(२ + ५, २८८ + १,०५९.९) = गॅमा(७, १,३४७.९).

पट्टा काढायला एक्सेलचा काय-स्क्वेअर पुरतो: २ × १,३४७.९ × लॅम्डा हा १४ डिग्रीचा काय-स्क्वेअर. ५ टक्के ६.५७, ९५ टक्के २३.६९. त्यातून १० टक्के गळण्याचा वेळ (बी-१०) ३,४६० ते ६,५८० तास, मध्यक ४,६१०.

आता साठा. "टी तासांवर चालू असलेलं सील आणखी ४ हजार टिकेल" याची संभाव्यता: (१,३४७.९ ÷ (१,३४७.९ + (टी+४)² − टी²)) चा सातवा घात. लॅम्डाची अनिश्चितता यातच मुरलेली आहे, वेगळी लावायची नाही.

८,००० वाल्या अकरांना वर्गांतला फरक ८०, गळण्याची शक्यता ३३ टक्के, म्हणून ३.६५ सीलं.
४,५०० वाल्या आठांना फरक ५२, शक्यता २३ टक्के, म्हणून १.८६.
नव्या पाचांची मिळून ०.९०.

बेरीज ६.४. पण साडेसहावर इंडेंट लावू नका, ती सरासरी आहे. सीलामागे सील वेगळं गळतं आणि वर लॅम्डाच अनिश्चित आहे. दोन्ही मिळून विचलन तीनच्या घरात जातं. दहात नऊ वेळा पुरेल असा साठा हवा असेल तर दहा ठेवा.

प्रायरने किती ढकललं, तेही बघा. वजन दोनावरून अर्ध्यावर आणा (०.५, ७२). लॅम्डाच्या सरासरीवरून काढलेला ईटा १३.९ चा १४.३ होतो. म्हणजे बोलतोय तो डेटाच.

अलकापुरी_क्वालिटी

मध्येच विचारतो, माफ करा. नव्या कपलिंगची चाचणी आहे, १२ नग, एकही बिघाड नाही. तिथेही हेच चालेल का?

दांडियाबाजार_सांख्यिकी

चालेल, पण "काहीच माहीत नाही" म्हणून लॅम्डाला १/लॅम्डा असा प्रायर देऊ नका. शून्य बिघाड असताना पोस्टिरिअरची बेरीज अनंत होते, वितरणच उरत नाही. सॉफ्टवेअर तरीही काहीतरी आकडा छापेल, तो घेऊ नका. इथे खरा प्रायर द्यावाच लागतो आणि अहवालात तो पहिल्या पानावर लिहावा लागतो. आणि १२ नगांनी फार काही सिद्ध होईल अशी अपेक्षा नको. ९० टक्के विश्वासार्हता ९५ टक्के खात्रीने दाखवायची तर ठरलेल्या पूर्ण अवधीसाठी शून्य बिघाडांसह २९ नग लागतात.

पंपवाला भाऊ, तुमच्यासाठी एक राहिलं. पाचही सीलं *कशाने* गळली? मॉडेलमध्ये पाची एकाच झिजेच्या नावावर गेली आहेत. आणि झिरपायला लागलंय म्हणून गळण्याआधीच बदललेलं एखादं सील "चालू" खात्यात तर नाही ना? ते सेन्सर्ड नाही. मरायला टेकलं म्हणून काढलेलं सील कधीच साधं सेन्सर्ड नसतं. ते बिघाड म्हणून धरा.

मकरपुरा_पंपवाला

आधी बदललेलं एकही नाही. पण २,९०० वालं ड्राय रन होतं. टाकीतला लेव्हल स्विच अडकला, पंप कोरडा फिरला, फेस तडकले. बाकी चारांच्या फेसवर घासल्याच्या चऱ्या आणि क्षार.

दांडियाबाजार_सांख्यिकी

मग ते झिजेच्या खात्यात बिघाड नाही. झिजेपुरतं ते २,९०० तासांना सेन्सर्ड, कारण तोवर झिजेने मेलं नव्हतं. १,०५९.९ ची बेरीज तशीच, बिघाड पाचाऐवजी चार, पोस्टिरिअर गॅमा(६, १,३४७.९). वरच्या सूत्रात सातवाऐवजी सहावा घात: झिजेची ५.६ सीलं.

ड्राय रनचा दर वेगळा. त्याला वयाशी देणंघेणं नाही, म्हणून बीटा १. नवी-जुनी सगळी सीलं मिळून १,६४,००० तास चालली, घटना एक. पुढचे २४ × ४,००० = ९६,००० तास, म्हणजे ०.६ सील. एकूण ६.२. इंडेंट दहाचाच राहू द्या.

फरक पडतो तो बदलीच्या वेळापत्रकात. ठरावीक तासांनी सील बदलून झिजेची गळती कमी होईल, ड्राय रनची अजिबात नाही. नवं कोरं सीलही कोरडं फिरलं की तडकणारच. तिथे खर्च लेव्हल स्विच आणि अंडरकरंट ट्रिपवर (करंट घटला की पंप बंद करणारी सोय) करा. स्टॅन बसल्यावर दोन्ही प्रकार वेगळे ठेवूनच चालवा. लॉगबुकात "सील बदलले" एवढंच लिहू देऊ नका: पंप क्रमांक, अवर मीटर, काढलेल्या फेसचा फोटो आणि कारण, हे चार रकाने आजपासूनच आखा.