माळकरी माणसाच्या यकृतात चरबी कशी? (हिपॅटायटीस सी)

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझे यजमान ४६ वर्षांचे असून आमची कोरडवाहू शेती आहे. मागच्या महिन्यात त्यांना हिपॅटायटीस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) निघाला आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असेही लिहून आले. ते माळकरी आहेत, दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही, आणि अंगानेही किडकिडीत आहेत. तरीही रिपोर्ट पाहणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो की चोरून घेतात का. सासूबाईंनी भाजीतले तेल बंद केले, त्यामुळे ते दोन घास खाऊन ताटावरून उठतात. कोलेस्टेरॉल मात्र फक्त ११८ आहे. रक्तात चरबी कमी आणि यकृतात जास्त, हे कसे?

उत्तर १ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वर्धा)

ताई, ११८ हा आकडा डॉक्टरांना अवश्य दाखवा. या विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार असून आपल्या देशात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो, आणि हा प्रकार स्वतःच यकृतात चरबी साठवतो. एरवी यकृत चरबीची प्रथिनांसोबत बांधणी करून ती रक्तात पाठवते. हा विषाणू त्या बांधणीचे काम मंदावतो, शिवाय नवी चरबी तयार होण्याचा वेगही वाढवतो. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या येत राहाव्यात आणि गाठी बांधणारे यंत्रच अडून बसावे, तसे होते: आवार भरते आणि बाहेर माल जात नाही. म्हणून रक्तातले कोलेस्टेरॉल कमी दिसू शकते. केवळ या आकड्यावरून प्रकार ठरत नाही, परंतु दारूचा आळ घेण्याचे काही कारण नाही.

उत्तर २ (आरोग्य कर्मचारी, भंडारा जिल्हा)

वरील उत्तर योग्य आहे, तरी एक जोड देतो. प्रकार १ सारख्या इतर प्रकारांत चरबीचे कारण बहुधा इन्सुलिनला शरीराने दाद न देणे, पोटाचा घेर आणि मधुमेह हे असते. हातपाय बारीक असलेल्या माणसाचेही पोट सुटलेले असू शकते, आणि इन्सुलिनचा हा बिघाड हा विषाणू स्वतःही वाढवतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) तपासून घ्या. सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतले असल्यास तेही सांगा. तेल पूर्ण तोडून माणसाला अशक्त करू नका. वरण, भाजी, भाकरी पोटभर द्या आणि साखर कमी करा. विषाणू आणि चरबी एकत्र असल्यास यकृतावर व्रण लवकर पडतात, म्हणून झाडपाल्यात वेळ घालवू नये, ही कळकळीची विनंती. २८ जुलै २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात.

उत्तर ३ (गोंदिया जिल्हा)

मला प्रकार ३ होता. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या १२ आठवडे घेतल्या, आणि त्या संपल्यावर पुन्हा १२ आठवड्यांनी केलेल्या आरएनए तपासणीत (यात रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधतात) विषाणू आढळला नाही. पुढच्या सोनोग्राफीत चरबी बरीच उतरली होती, पण कोलेस्टेरॉल १२४ वरून १७० झालेले पाहून मी घाबरलो. अडलेली चरबी आता वाटेला लागली आहे, असे डॉक्टरांनी समजावले. साधी अँटिबॉडी तपासणी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने शोधणारी) बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे खचून जाऊ नका.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. सोमवारी साखरेच्या तपासणीसाठी यवतमाळला जात आहोत. पहिले उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. आज भाजीला फोडणी पडली.